त्याची दाढी कोण करतं?

"पैसे बंद झाले मॅडम. म्हणजे आमचा माणूस खोटा ठरला का?"

समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कधी नव्या तपासणीत अपंगत्वाचे टक्के उतरलेले असतात, कधी गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची पेन्शन खात्यात येईनाशी झालेली असते. पैशांची ओढाताण असतेच, पण माणूस खचतो तो अपमानाने. अशा वेळी मला सत्तरी तालुक्यातली एक बहीण आठवते. ओळखीच्या खुणा बदलून तिची हकिकत सांगते.

वाळपईहून पहिल्या बसने ती फोंड्याला आली होती. पन्नाशीची, अविवाहित. धाकट्या भावाला वीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली म्हणून दोघं पुन्हा वैद्यकीय बोर्डासमोर गेली आणि टक्के चाळीसच्या खाली आले. कायद्याने आखलेली रेघ ४० टक्क्यांची, त्यामुळे पेन्शनही थांबली. निर्णयाचं पत्र तिने देव्हाऱ्यामागे ठेवून दिलं होतं. पन्नास दिवस.

"अपील का नाही केलंत?"

"कशाला? डॉक्टरांनी बघूनच लिहिलं ना? आपण भांडायला गेलो तर म्हणतील, फुकटच्या पैशांना सोकावलेत."

पहिल्या दोन भेटी या एका बोलण्यावरच गेल्या. माझा पिंड विवेकनिष्ठ विचारांचा. घडलेली गोष्ट माणसाला मोडत नाही इतका तिचा त्याने लावलेला अर्थ मोडतो, हे मी बावीस वर्षं बघते आहे. टक्के उतरले, हे घडलं. 'आम्ही लबाड ठरलो' हे तिचं तिने त्यात वाचलं. "पत्रात तसं कुठे लिहिलंय ते दाखवा," मी म्हटलं. तिने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं. "नाही लिहिलं," म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. नुसत्या तर्काने पटण्यातली ही गोष्ट नव्हती.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "बोर्डाला जायच्या दिवशी सकाळी काय काय केलंत?"

ती खुलली. "पाचला उठले. पाणी तापवलं. त्याला न्हाऊ घातलं, दाढी केली, शर्टाला इस्त्री केली. बसमध्ये बजावलं, कसे आहात विचारलं की 'बरा आहे' म्हण. चार लोकांत शोभा नको ना."

"तुम्हाला काय विचारलं?"

"घरात काही काम करतो का म्हणून. मी सांगितलं, चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान रानातून तोच आणतो."

"एकटा?"

"पुतण्या असतो ना मागे. नाही तर वाट चुकतो."

"आणि दाढी? एरवी तो स्वतः करतो?"

"छे! ब्लेड त्याच्या हातात कोण देणार? वीस वर्षं मीच..."

ती थांबली. स्वतःचे हात उलटेपालटे करून बघू लागली. उजव्या अंगठ्यावर ब्लेडचा जुना व्रण होता. बराच वेळ ती बोलली नाही, मीही बोलले नाही. मग म्हणाली, "मॅडम, त्यांनी माझं काम बघितलं. त्याचा आजार बघितलाच नाही."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. इतक्या वर्षांत मलाही ते इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. मानसिक आजारातलं अपंगत्व मोजताना स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टी बघतात, शिवाय आजार किती वर्षांचा आहे ते. घरचं माणूस जितक्या मायेने सांभाळतं, तितकी पहिली, म्हणजे स्वतःच्या काळजीतली, उणीव झाकली जाते. आणि ते झाकणं आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की खरं सांगणंच रडगाणं वाटू लागतं.

मी तिला दहा दिवस वही लिहायला सांगितली. न सांगता त्याने काय केलं, सांगून काय केलं, तुम्ही काय केलंत. तिखटमीठ लावायचं नाही, झाकायचंही नाही. तिच्या वहीतली एक ओळ: 'गोळी दिली. जिभेखाली ठेवली. पाणी देऊन परत गिळायला लावली.'

तुमच्या घरी असं झालं असेल तर आधी पैसे नेमके कशामुळे थांबले ते विचारा. वर्षाचा हयातीचा दाखला द्यायचा राहिला असेल, तर तो अपिलाचा विषयच नाही. कारण टक्के असतील, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाची सोय आहे आणि नियमांप्रमाणे निर्णयापासून ९० दिवस हातात असतात. वकिली भाषा लागत नाही. थोडक्यात पार्श्वभूमी, हरकतीची कारणं, सोबत प्रमाणपत्राची किंवा नकाराच्या पत्राची प्रत. तुमचं म्हणणं ऐकूनच, कारणांसह निर्णय द्यावा लागतो. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. वकील हवाच असेल तर दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो, उत्पन्न न बघता. आणि पत्र देव्हाऱ्यामागे ठेवू नका, दिवस मोजले जात असतात.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात चाळीस दिवस उरले होते. अर्ज तिने स्वतःच्या अक्षरात लिहिला, एक पान. सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन आला. "मॅडम, उद्या त्याला दाढी न करताच नेऊ का?"

"नाही. रोज असतो तसाच न्या. फक्त दाढी कोणी केली ते सांगा."

तिने सांगितलं. 'कसे आहात' विचारल्यावर भाऊ सवयीने 'बरा आहे' म्हणाला, तेव्हा तिने वही पुढे केली. फेरतपासणीत टक्के चाळीसच्या वर आले आणि काही महिन्यांनी पेन्शन पुन्हा सुरू झाली. ते कळवायला तिने फोन केला आणि ठेवता ठेवता म्हणाली, "वही चालूच आहे हं. काल त्याने न सांगता घागर भरून आणली. तेही लिहिलं."