गिटार कोणी वाजवली? वाचक विचारतात

प्रश्न : दादा नमस्कार, मी अमळनेरला कॉलेजला आहे, गिटार शिकतोय. मोबाईलवर सारखे तेच चार-पाच जण येतात, सगळे भयंकर फास्ट वाजवणारे. मग कोणीतरी म्हणतं की याच्यापेक्षा भारी माणसं होऊन गेली पण कोणाला माहीतच नाहीत. ती शोधायची कशी?
– एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर : भाऊ, मोबाईल तुला तेच दाखवणार जे आधीच लाखो लोकांनी बघितलंय, त्यामुळे त्याच्या भरवशावर बसलास तर ही माणसं भेटायची नाहीत. एक काम कर, तुला जो वादक आवडतो ना, तो स्वतः कोणाला ऐकतो ते शोध. वादकांना वादक बरोबर माहीत असतात. आता अमेरिकेतला गिटारवादक चेट अॅटकिन्स म्हणजे केवढं मोठं नाव, त्याने कॅनडात वाढलेल्या लेनी ब्रो नावाच्या पोराला ऐकलं आणि थेट आरसीए या रेकॉर्ड कंपनीत नेलं, १९६८ ला रेकॉर्ड निघाली. चेटचं नाव घराघरात आणि लेनी १९८४ ला गेला तेव्हा ४३ वर्षांचा, गिटारवाले सोडले तर त्याला ओळखणारे फार थोडे.

मला विचारशील तर पहिला लेनीच ऐक. त्याची एक गोष्ट हेडफोन लावून नीट ऐक. डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरलेली असते, उजव्या हाताची तर्जनी तिथून बरोबर बारा फ्रेट, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्ट्या, पुढे तारेवर नुसती टेकवायची, दाबायची नाही, आणि त्याच हाताच्या अंगठ्याने तार छेडायची. देवळातल्या बारक्या घंटीसारखा सूर निघतो. लगेच त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाने वेगळ्या तारेवर साधा सूर, मग परत घंटी, परत साधा, आणि हे एवढं सफाईने की ऐकणाऱ्याला वाटतं दोन माणसं वाजवताहेत. करून बघ घरी, आधी अगदी हळू. फास्ट वाजवणं सगळ्यांना दिसतं, हे दिसत नाही, म्हणून अशी माणसं मागे राहतात असं माझं पक्कं मत आहे.

दुसरा डॅनी गॅटन, वॉशिंग्टनकडचा, टेलिकास्टर नावाची इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. १९८९ ला गिटार प्लेयर मासिकाने त्याला जगातला सगळ्यात मोठा अनोळखी गिटारवादक म्हणून कव्हरवर छापला होता. ब्लूज, कंट्री, जॅझ सगळं एकाच सोलोत आणायचा, पिक, म्हणजे तार छेडायची चिपटी, धरून उरलेल्या बोटांनीही तारा छेडायचा, आणि स्टेजवर बिअरची बाटली तारांवर सरकवत स्लाईड वाजवून झाली की सांडलेली बिअर पुसायला टॉवेल घ्यायचा आणि तो टॉवेल तारांवर तसाच ठेवून खालून वाजवत राहायचा. दौऱ्यावर हिंडण्यापेक्षा घराजवळ राहणं, जुन्या गाड्या दुरुस्त करणं त्याला आवडायचं. १९९४ ला गेला.

आणि स्पीडच ऐकायचा असेल तर मेम्फिसचा शॉन लेन ऐक. स्पीड होताच, पण त्याचे २००० च्या आसपासचे रेकॉर्डिंग मला जास्त प्रिय आहेत, बेसवर योनास हेलबोर्ग आणि सोबत आपले सेल्वागणेश, कंजिरा हे दक्षिणेतलं डफासारखं छोटं वाद्य घेऊन. तिथे हा माणूस नुसता धावत नाही, लयीशी बोलतो. ४० व्या वर्षी गेला, २००३ ला.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर झालो, भुसावळला असतो. तरुणपणी गणपतीत ऑर्केस्ट्रा ऐकायला रात्र-रात्र जागायचो. जुन्या हिंदी गाण्यांत जी गिटार आहे ती नेमकी वाजवली कोणी? रेकॉर्डवर कधी नाव वाचल्याचं आठवत नाही.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : काका, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. रेकॉर्डच्या लेबलवर सिनेमाचं नाव, गायक, संगीतकार, गीतकार एवढं यायचं, वाजवणाऱ्यांना त्यात जागाच नसायची. 'चिंगारी कोई भडके' सुरू होताना गिटारचा जो छेड आहे तो भानू गुप्तांचा. राहुल देव बर्मन यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षं गिटार वाजवली, आणि शोलेतला माउथ ऑर्गनसुद्धा त्यांचाच. 'दम मारो दम' ची गिटार भूपिंदर सिंग यांची, १९७१ ची. लोक त्यांना गझल गाणारे म्हणून ओळखतात, 'दिल ढूंढता है' म्हटलं की त्यांचा आवाज आठवतो, हात कोणाला आठवत नाही.

आडव्या गिटारीचं तर वेगळंच. हवाई बेटांवरचे कलाकार फिरत फिरत कोलकात्याला आले, त्यातले टाऊ मो तर १९४० च्या दशकात तिथे राहून शिकवायचे. मग मांडीवर गिटार ठेवून लोखंडी पट्टीने वाजवायची फॅशनच आली, सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या धुना वाजवलेल्या रेकॉर्ड्स खपायच्या. पण त्याच गिटारीवर रीतसर राग वाजवला तो जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांनी, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. पट्टी तारेवरून सरकते, मध्ये फ्रेटचा अडथळा नाही, त्यामुळे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, अशी येते की गळाच वाटावा. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' मध्ये संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची आणि गिटार काबरांची. पहिली दोन नावं शाळकरी पोरंही सांगतील, तिसरं विचारून बघा.

ग्रेगरी बूथ नावाच्या अभ्यासकाने मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांना गाठून मुलाखती घेतल्या आणि २००८ ला पुस्तक काढलं, इंग्रजीत आहे पण कोणाकडून तरी वाचून घ्या, खूप नावं सापडतील. आणि काका, माझी तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या त्या ऑर्केस्ट्रात गिटारवर कोण उभं असायचं ते तुम्हाला आठवत असेल, तर ते लिहून ठेवा, कोणत्या गावचा, कोणाकडे शिकला, सगळं. आजही आपल्याकडे अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ धडाधड येतात, त्यात गायक, नाचणारे, कॅमेरावाला सगळ्यांची नावं दिसतात, गिटार कोणाची ते बहुतेक वेळा नसतंच. व्हिडिओ काढणाऱ्यांनी ही एक ओळ टाकावी, एवढं तर नक्की जमेल.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची, डावखुरी आहे. क्लासचे सर म्हणतात उजव्या हातानेच वाजव, तिला जमत नाही, रडते. डावखुऱ्या बाईने गिटारमध्ये काही केलंय का कुठे?
– एक शिक्षिका, चोपडा

उत्तर : ताई, केलंय, आणि फार मोठं केलंय. एलिझाबेथ कॉटन, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या, जन्म १८९३ चा. डावखुऱ्या होत्या, तारा न बदलता गिटार सरळ उलटी धरली, म्हणजे जाड तारा खाली आणि बारीक वर. मग बेस बोटांनी आणि चाल अंगठ्याने, सगळ्या जगाच्या उलट. वाजवण्याच्या त्या ढंगाला आज त्यांच्याच नावाने ओळखतात. मध्ये कित्येक वर्षं गिटारला हातच लावला नव्हता, सीगर नावाच्या गाणाऱ्या कुटुंबाकडे घरकाम करत होत्या, तिथे भिंतीवरची गिटार काढून वाजवली तेव्हा घरच्यांना कळलं. पहिली रेकॉर्ड १९५८ ला, साठी उलटल्यावर, आणि ग्रॅमी मिळाला नव्वदी पार केल्यावर. 'फ्रेट ट्रेन' (म्हणजे मालगाडी) हे त्यांचं गाणं लहान वयातलं, साधारण तुमच्या मुलीच्याच वयाचं. मुलीला व्हिडिओ दाखवा, हाताकडे बघू द्या.

सरांशी शांतपणे बोला, तिला दोन्ही बाजूंनी थोडे थोडे दिवस धरून बघू द्या आणि जिकडे हात मोकळा चालेल तिकडे शिकवा म्हणा. डावखुरी गिटार मागवून मिळते. घरातलीच वापरायची असेल तर नुसत्या तारा उलट लावू नका, वरच्या नटच्या, म्हणजे दांड्याच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा जाड-बारीक तारेच्या मापाने कापलेल्या असतात, जाड तार बारीक खाचेत बसत नाही आणि बारीक तार मोठ्या खाचेत खडखडते, तेव्हा दुकानातून नट बदलून घ्या.