चार पावसाळे

‘‘मॅडम, इतकी वर्षं घातल्यावर पीएच.डी. सोडायची का?’’

समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी चार-पाच वेळा तरी येतो. कधी विद्यार्थी स्वतः विचारतो, बहुतेक वेळा त्याची आई. इंदूरची मराठी घरं शिक्षणाला मान देणारी आहेत. मुलगी ‘रिसर्चला’ आहे हे नातेवाइकांत अभिमानाने सांगितलं जातं, पण तिसरं वर्ष संपलं की तेच नातेवाईक ‘अजून किती राहिलं?’ विचारायला लागतात. आज एका मुलीची गोष्ट सांगते. तिने सांगायची परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, संस्थेचं नावही मुद्दाम घेत नाही.

२०२४ ची भाऊबीज झाली आणि दोन दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. मुलगी दिवाळीला म्हणून घरी आली होती, पण परतीचं तिकीट दोनदा रद्द केलं होतं. दिवसभर खोलीत पडून राहायची, लॅपटॉपची बॅग उघडलीच नव्हती. सकाळी घरात पोहे झाले तरी उठायची नाही. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री एकदम म्हणाली होती, ‘‘मी सोडते.’’

ती माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा पहिली पंधरा मिनिटं काही बोललीच नाही. मी घाई केली नाही. मग हळूहळू कळलं. फिजिक्समध्ये एम.एस्सी., नेट या पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती, जानेवारी २०२१ मध्ये वातावरणविज्ञानात पीएच.डी.ला प्रवेश. काम पावसाच्या थेंबांवर. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर डिस्ड्रोमीटर नावाचं यंत्र बसवायचं, ते पडणाऱ्या प्रत्येक थेंबाचा आकार आणि वेग टिपतं, आणि त्या नोंदींवरून घाटातल्या पावसाचा स्वभाव शोधायचा.

‘‘आजी सारखी म्हणते, आम्ही तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत,’’ ती म्हणाली. ‘‘काकू, मी चारच पाहिलेत, आणि त्यातला एकच धड आहे.’’

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. तिची सगळी अडचण त्यात होती.

प्रयोगशाळेत प्रयोग फसला तर माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा करतो. मोसमी पावसावर काम करणाऱ्याला ती सोय नसते. जून ते सप्टेंबर एवढाच त्याचा हंगाम, पुढची संधी थेट पुढच्या जूनला. पाच वर्षांच्या पीएच.डी.त मोजून पाच पावसाळे हाती येतात, त्यातला पहिला बहुधा कोर्सवर्कमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या वर्गांमध्येच, जातो. तिचा २०२१ चा तसाच गेला, यंत्र आलं तेच ऑक्टोबरमध्ये. २०२२ चा पूर्ण मिळाला. २०२३ मध्ये जुलै छान झाला आणि ऑगस्टमध्ये पाऊस गायब. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. थेंब मोजायला बसलेली मुलगी महिनाभर स्वच्छ आभाळ बघत होती. सप्टेंबरमध्ये यंत्राचा वीजपुरवठ्याचा भाग जळला, सुटा भाग परदेशातून यायचा होता, त्यामुळे २०२४ चा पावसाळा तिच्यासाठी जुलैच्या मध्यात सुरू झाला.

हे सगळं तिने अपराध्यासारखं सांगितलं, जणू ऑगस्टचा पाऊस तिनेच अडवून धरला होता. सोबतच्या मुलामुलींचे दोन-दोन शोधनिबंध छापून आले होते, तिचा एकही नव्हता. गाइडसमोर जायची लाज वाटायला लागली. मग मेल उघडणं बंद झालं. त्या दिवशी तिच्या इनबॉक्समध्ये गाइडचे अकरा मेल न वाचलेले होते.

पहिल्या भेटीत मी काही प्रश्न सरळ विचारते, तिलाही विचारले. झोप किती लागते? जेवण जातं का? जगणं नकोसं वाटतं का? ती म्हणाली, ‘‘मरावंसं वाटत नाही. पण सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं दोन-तीनदा वाटलं.’’ असं उत्तर मी कधीच हलकं घेत नाही. तिच्या संमतीने आईला सांगितलं, त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली, आणि मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या टेली-मानस फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक तिच्या फोनमध्ये तिच्याच हाताने साठवायला लावला. हे वाचणाऱ्या आईवडिलांना माझी हात जोडून विनंती आहे: मूल ‘सोडते’ म्हणालं की आधी हे विचारा. डिग्रीचं नंतर पाहू. विचारल्याने वाईट विचार डोक्यात येत नाहीत, उलट एकटेपणा थोडा कमी होतो.

दुसऱ्या भेटीत मी एक चूक केली. मला हवामानशास्त्रज्ञ अण्णा मणींची गोष्ट फार प्रिय आहे. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांवर काम करून त्यांनी प्रबंध सादर केला, पण एम.एस्सी.ची पदवी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. पुढे त्या हवामानाच्या उपकरणांकडे वळल्या, १९४८ मध्ये पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या आणि देशात ही उपकरणं घडवण्याचा पाया त्यांनी घातला. मी मोठ्या आवेगाने हे सांगितलं. मुलगी शांतपणे म्हणाली, ‘‘त्या अण्णा मणी होत्या, काकू.’’ थकलेल्या माणसाला थोरांच्या गोष्टी उभारी देतीलच असं नाही, कधी त्या मोजपट्टीसारख्या अंगावर येतात. तेव्हापासून समोरचा माणूस स्वतः विचारत नाही तोवर मी अशा गोष्टी सांगत नाही.

मग मी मला खरंच पडलेला प्रश्न विचारला. ‘‘थेंब लहान की मोठा, याने कोणाला काय फरक पडतो? पाऊस किती पडला हे कळलं की झालं ना?’’

ती पहिल्यांदाच सरळ बसली. ‘‘तेच तर कळत नाही! रडार पाणी मोजत नाही, त्याला थेंबावरून परत आलेला सिग्नल दिसतो. आणि तो व्यासाच्या सहाव्या घातावर असतो. म्हणजे दोन मिलिमीटरचा एक थेंब रडारला एक मिलिमीटरच्या चौसष्ट थेंबांएवढा दिसतो. पाणी मात्र त्यात आठच थेंबांचं!’’ तिने माझ्या वहीवर थेंब काढून दाखवले. लहान थेंब गोल असतो, मोठा पडताना खालून पावासारखा चपटा होतो, चित्रात काढतात तसा टोकदार कधीच नसतो. घाटावर बारीक थेंबांचाच पाऊस जास्त असतो, त्यामुळे दुसऱ्या ठिकाणच्या पावसावरून बसवलेलं सूत्र वापरलं तर रडार घाटातला पाऊस कमी सांगतं. ‘‘खालच्या गावाला पुराचा इशारा द्यायचा तर हे माहीत नको?’’

वीस मिनिटं ती बोलत होती. माझा चहा गार झाला.

गेल्या वर्षी एका मुलाला पीएच.डी. सोडायला मीच मदत केली होती. साडेतीन वर्षं झाली होती त्याची. मी असाच प्रश्न विचारला तेव्हा तो पाठ केल्यासारखं चार वाक्यं बोलला आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्याला प्रोग्रामिंग आवडत होतं, विषय कधीच आवडला नव्हता. आज तो नोकरीत आहे आणि सुखी आहे. त्याने सोडलं ते योग्यच केलं असं मी ठामपणे म्हणेन. या मुलीचं तसं नव्हतं. विषयाचा तिला कंटाळा नव्हता. तो संपतच नाही, याने ती दमली होती.

तिसऱ्या भेटीत आम्ही माझ्या खोलीत बसून एक मेल उघडला. एकच, सगळ्यात नवीन. तिचे हात थरथरत होते. आत दोन ओळी होत्या: २०२२ च्या आकृत्या पाठव, आणि कधी येतेस? रागावलेला शब्द एकही नव्हता. प्रेमळही नव्हता, हेही खरं. गाइड कामात बुडालेला माणूस होता, त्यांनी विचारपूस केली नव्हती. दोन महिने ती मनातल्या मनात ज्यांच्याकडून बोलणी खात होती, त्यांनी ती दिलीच नव्हती.

नंतर तिने एक कागद घेतला आणि राहिलेलं काम लिहून काढलं. मी एवढंच सांगितलं होतं की यातलं आभाळाच्या हातात काय, यंत्राच्या हातात काय आणि तुझ्या हातात काय हे वेगवेगळ्या शाईने लिही. लिहून झाल्यावर ती बराच वेळ कागदाकडे बघत होती. राहिलेल्या कामात आभाळाच्या शाईचं काहीच नव्हतं. २०२२ चं विश्लेषण बहुतेक झालेलं होतं, ते फक्त लिहायचं होतं.

तिने आकृत्या पाठवल्या. गाइडचं उत्तर आलं: चांगलं आहे, अजून एक पावसाळा घेऊ, म्हणजे भक्कम होईल.

मला हा सगळ्यात धोक्याचा क्षण वाटतो, आणि या क्षेत्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो ओळखायला हवा. अजून एक पावसाळा, अजून एक समुद्रसफर, सूर्यावर काम करणाऱ्यांसाठी तर अजून एक मोठं सौरवादळ. सूर्याच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं, शिष्यवृत्ती पाच वर्षांची. निसर्ग कधीच ‘आता पुरे’ म्हणत नाही. तो शब्द कोणीतरी माणसाने उच्चारावा लागतो, आणि गाइडला तशी घाई नसते. तिच्या मनात प्रश्न ‘सोडू का’ असा उमटला होता, कारण ‘इथे थांबवू का’ असं विचारता येतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी तिला तिच्या डॉक्टरल समितीतल्या, म्हणजे पीएच.डी.च्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या समितीतल्या, दुसऱ्या एखाद्या प्राध्यापकांशी बोलायला सुचवलं. गाइडच्या पाठीमागे जाऊन तक्रार करायला नव्हे, गाइडना कळवून, हाती आहे तेवढ्यात प्रबंध कसा बसेल हे विचारायला. ती दहा दिवस टाळत राहिली. मग बोलली. समितीतल्या एका प्राध्यापक बाईंनी तासभर दिला आणि विचारलं, तो कोरडा ऑगस्ट बाजूला का टाकलास? मोसमी पावसाचे जोर आणि खंड हा जुना, महत्त्वाचा विषय आहे. खंडाच्या दिवसांत जो थोडा पाऊस पडला त्याचे थेंब जुलैच्या थेंबांपेक्षा वेगळे आहेत का, हे कोण बघणार? जो महिना ती वाया गेला म्हणून मोजत होती, त्यातून तिसरं प्रकरण निघालं. गाइडही समितीच्या बैठकीत मान्य झाले, थोडे नाखुशीने.

बाबांबद्दल सांगायचं राहिलं. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मितभाषी. त्यांची काळजी पैशाची होती आणि ती खोटी नव्हती. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, जानेवारी २०२३ पासून हा दर आहे, पण पाच वर्षं झाली की बंद. तिचे पैसे जानेवारी २०२६ मध्ये थांबणार होते. ‘‘मग खाणार काय?’’ ते विचारायचे, आणि मुलीला ऐकू यायचं: तू ओझं आहेस. मी त्यांना म्हटलं, ‘‘भाऊ, तुम्ही आयुष्यभर हिशेब केलात. हिच्या शेवटच्या सहा महिन्यांचा एक करून द्या.’’ त्यांनी एका पानावर सुंदर अक्षरात करून आणला. दरमहा भाडं, मेस, प्रवास, आणि खाली एक ओळ: तूट बाबा भरतील. मुलीने तो कागद माझ्यासमोर वाचला आणि खूप रडली. अजून किती राहिलं, हे तीन महिने विचारायचं नाही असंही मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. त्यांनी ते पाळलं.

ती डिसेंबरमध्ये परत गेली. औषधं चालू होती. पुढच्या भेटी व्हिडिओवर झाल्या, आधी दर आठवड्याला, मग महिन्याने. मध्ये फेब्रुवारीत एकदा पुन्हा मेल उघडणं बंद झालं होतं, पण या वेळी तिने पाचव्या दिवशीच मला कळवलं. पहिला शोधनिबंध एप्रिलमध्ये पाठवला. मोठ्या दुरुस्त्या सुचवून तो परत आला, आणि तिने त्या दुरुस्त्या करायला घेतल्या.

२०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात पोहोचला, नेहमीच्या तारखेच्या आठ दिवस आधी. बातमी बघून बाबांनी तिला फोन लावला.

‘‘अगं, पाऊस आला. तू अजून वर घाटात गेली नाहीस?’’

‘‘यंदा ज्युनिअर गेलीय, बाबा. यंत्राची काच कशी पुसायची ते शिकवलंय तिला. मी लिहितेय.’’