मोठे टायर घेण्याआधी हे बघ
265/70 आर 17 मापाचे टायर (रुंदी 265 मिमी, उंची रुंदीच्या 70 टक्के, रिम 17 इंची) काढून 285/70 आर 17 बसवणार असशील, तर टायर नुसता रुंद नाही, उंचही होतोय. व्यास साधारण 803 मिमीचा 831 होतो. स्पीडोमीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी 103 च्या पुढे असेल. ते एक वेळ चालवून घेता येतं, खरी कटकट टायर गाडीला आतून घासण्याची. उभ्या गाडीत सगळं छानच दिसतं. एक चाक उंचवट्यावर चढव, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळव, मग मडगार्डच्या अस्तरापाशी आणि चासीपाशी किती जागा उरते ते बघ. लिफ्ट किटने (गाडी उंच करणाऱ्या किटने) वळवतानाचं घासणं थांबेलच असं नाही, तिथे रिमचा ऑफसेटही, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं तेही, बघावं लागतं. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी अजिबात नको. स्टेपनी जुन्याच मापाची ठेवलीस, तर ती लावलेली असताना फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारा मोड) टाकू नकोस.