सगळे म्हणतात "इंडिया इज गुड", पुढं काय लिहू?

प्रश्न: ताई, मी सोलापूरची, शिक्षणशास्त्रात पीएचडी करतेय. विषय आहे परदेशातून आपल्याकडं शिकायला आलेल्या मुलांचे अनुभव. त्यासाठी पुण्याला जाऊन मुलाखती घेते, अफगाणिस्तान, येमेन, इथिओपियाची मुलं आहेत. कॉलेजच्या ऑफिसनं नावं दिली. सगळी गोड बोलतात पण काहीही विचारलं की "इंडिया इज गुड, पीपल आर नाइस" आणि संपलं. गाईड सर म्हणतात अजून दहा घे. घेऊ का?
– एक वाचक, विजापूर रोड

उत्तर: अगं, लगेच नको घेऊस. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या तीन संशोधकांनी घाना-नायजेरियातल्या 60 मुलाखती तपासून 2006 साली दाखवलं की बऱ्यापैकी एकसारखा गट असेल तर पहिल्या 12 मुलाखतींतच बहुतेक मुद्दे येऊन जातात, पण तुझ्याकडं तीन देश आहेत म्हणजे गट एकसारखा नाही, आणि मुळात मुलं बोलतच नसतील तर आकडा वाढवून काय मिळणार?

आधी त्या पोरांच्या जागी बसून बघ. व्हिसा 180 दिवसांपेक्षा जास्तीचा असला की आल्यावर 14 दिवसांत नोंदणी करावी लागते, पत्ता बदलला तरी कळवायचं, म्हणजे इथं आल्यापासून फॉर्म घेऊन प्रश्न विचारणारं माणूस म्हणजे ऑफिसचं माणूस हेच त्यांना माहीत. त्यात तुला नावं दिली ऑफिसनं. मग तुझ्यासमोर तक्रार कोण करेल गं? त्यामुळं पुढची मुलं ऑफिसमार्फत नको, आधीच्या मुलांच्या ओळखीनं शोध, कॅम्पसच्या बाहेर भेट, आणि बोललेलं कुठं जाणार, कोण ऐकणार, रेकॉर्डिंग कधी पुसणार हे सुरुवातीलाच तोंडी सांग. संमतीपत्रावर नुसती सही घेऊन भागत नाही.

दुसरं, "इथं कसं वाटतं" हा प्रश्नच काढून टाक, पाहुण्याला असं विचारलं की तो छानच म्हणणार. त्यापेक्षा "रूम कशी मिळाली, पहिल्यापासून सांग" असं विचार. मग एजंट किती पैसे मागत होता, डिपॉझिट किती, घरमालकानं मटण शिजवायचं नाही म्हणून अट घातली का, सोबत कोण गेलं होतं, कुणी फोनवरच नाही म्हटलं का, हे सगळं आपोआप निघतं. तो थांबला तर तूही थांब, लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस. मला विचारशील तर खरं बोलणं त्या थांबण्यानंतरच येतं, आणि नवीन मुलाखत घेणाऱ्यांना नेमकं तेच जमत नाही कारण शांतता झाली की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं.

भाषेचं तर तुला मी काय सांगणार, आपल्या सोलापुरात घरी तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी अशी कितीतरी मुलं वाढतात. दुसऱ्या भाषेत माणूस कमी बोलतो, पण म्हणून त्याच्याकडं सांगायला कमी असतं असं नाही. काबूलच्या काही मुलांना हिंदी बरी येते, त्यांना इंग्रजीतच बोल म्हणू नकोस. अडलं की तुझ्या भाषेत सांग म्हण, रेकॉर्ड होऊ दे, नंतर जाणकाराकडून समजून घे. पण तो जाणकार त्याच कॉलेजचा नको.

आणि प्लीज, नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नकोस. एका डिपार्टमेंटमध्ये येमेनचा एकच मुलगा असेल तर "येमेनचा विद्यार्थी, एमएस्सी" एवढ्यावरून शिपायालासुद्धा कळतं कोण ते. देश लिहायचा तर विषय काढ, विषय हवा तर देश काढ, वर्षही गोलमोल ठेव. प्रबंध उद्या ऑनलाइन जाणार आहे आणि त्या मुलाला व्हिसा वाढवायला इथंच अर्ज करायचाय, हे लिहिताना सतत डोक्यात असू दे.

गाईड सरांना हे सगळं सांग, आणि नवीन दहा शोधण्याआधी आधीच्यातल्याच दोन-तीन मुलांना परत भेट. दुसऱ्या भेटीत माणूस मोकळा होतो. जाताना त्यांचं आधीचं बोलणं टाइप करून घेऊन जा, वाचायला दे, आणि एखादं वाक्य काढून टाक म्हणाले तर ते कितीही भारी असलं तरी तिथल्या तिथं त्यांच्यासमोर काढ.