वाचक विचारतात : बागेचं काम निघालंय, आम्हाला विचारलं म्हणे!

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या कॉलनीत पालिकेची एक जुनी बाग आहे आणि तिला लागूनच छोटा चौक, तिथे संध्याकाळी भाजीवाल्या बसतात. आता दोन्हीचं नूतनीकरण होणारे. मागच्या महिन्यात लोकसहभागाची मीटिंग ठेवली होती म्हणे, मंगळवारी सकाळी अकरा वाजता, सगळे कामावर, कोण जाणार? आता बोर्ड लागलाय त्यात कारंजं, लॉन, सेल्फी पॉइंट सगळं आहे पण भाजीवाल्या कुठेच नाहीत. साहेब म्हणतात विचारलं होतं, तुम्हीच आला नाहीत. आता काही होऊ शकतं का? (शहराचं नाव छापू नका प्लीज.)

उत्तर : होऊ शकतं, पण आधी काम कुठवर आलंय ते बघा. बोर्ड लागला म्हणजे काम सुटलं असं नसतं. वॉर्ड ऑफिसात जेईंना (ज्युनिअर इंजिनिअरना) गाठून वर्क ऑर्डर, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, निघाली का ते विचारा, नसेल निघाली तर बदल करून घेणं बरंच सोपं, एकदा निघाली की मात्र कारंजं कुणाच्या बापाला हलवता येत नाही. तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका आणि नकाशा, एस्टिमेट, शिवाय त्या मंगळवारच्या मीटिंगचं इतिवृत्त मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. इतिवृत्त विसरू नका, किती माणसं होती आणि काय बोलली हे कागदावर आलं की ‘विचारलं होतं’ यात किती दम आहे ते कळतंच.

भाजीवाल्यांसाठी तर फेरीवाल्यांचा कायदाच आहे, 2014 चा. फेरीवाल्यांच्या प्रश्नांसाठी त्यात शहर फेरीवाला समिती आहे, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले फेरीवालेच असायला हवेत, आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका. हलवायचं झालं तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्यामुळे चौकाचा नकाशा या समितीपुढे गेला होता का, हा प्रश्न लेखी विचारा आणि अर्जावर आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला वाटत असेल की रविवारी दुसरी मीटिंग घ्यायला लावू, घ्या की, पण तेवढ्याने काम होत नाही. मीटिंगला कोण येतं? रिटायर्ड काका लोक. त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही, पाण्यापासून कचऱ्यापर्यंत सगळ्याचा पाठपुरावा तेच करतात, पण त्यांना विचारलं तर वॉकिंग ट्रॅक आणि ज्येष्ठ नागरिक कट्टा हेच येणार ना. ज्या पोरी आज बागेत येतच नाहीत त्या मीटिंगला येऊन काय सांगणार? व्हिएन्नात 1990 च्या दशकात बागांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की नवव्या-दहाव्या वर्षानंतर मुली बागेतून गायबच होतात, मुलं मात्र असतात. मोकळं मैदान एकच, तिथे मुलांचा फुटबॉल, मग मुली कडेने बाहेर. 1999 मध्ये तिथल्या दोन बागा बदलल्या, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची जागा केली, बसायच्या जागा वाढवल्या आणि मुली परत दिसायला लागल्या. हे कुठल्या सूचनापेटीतून आलं नव्हतं, जागा वापरतं कोण आणि कोण नाही ते मोजल्यामुळे कळलं.

तर वही घ्या आणि बागेच्या गेटवर बसा, एक कामाचा दिवस, एक रविवार, सकाळी, भर दुपारी आणि दिवेलागणीनंतर. कोण आलं, कुठे टेकलं, किती वेळ थांबलं एवढंच लिहा. आणि लोकांना ‘इथे काय हवं’ असं विचारू नका, सगळे ओपन जिम म्हणतात. ‘इथे येऊन काय करता आणि कधी यायचं टाळता’ असं विचारा, मग अंधारा कोपरा, कुलूप लावलेलं टॉयलेट, बूड टेकता येणार नाही इतका उंच कठडा, सगळं बाहेर येतं. चौकात तर करूनच बघा, परवानगी काढून एक दिवस चुन्याची फक्की मारून भाजीवाल्यांचे पट्टे आखा आणि चालायची वाट मोकळी सोडा. पुण्यात लक्ष्मी रोडवर 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन करतात, भर गर्दीचा रस्ता एक दिवस गाड्यांना बंद, तो होतो तर तुमचा चौक काय मोठा!

प्रश्न : पुणे मनपाच्या बजेटमध्ये नागरिकांकडून कामं मागवतात, त्याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर : छोट्या कामांना होतो. 2006 पासून चालू आहे. मूळ कल्पना ब्राझीलच्या पोर्टो अलेग्रेची, 1989 ची, पण तिथे लोक एकत्र बसून आधी काय आणि नंतर काय यावर भांडायचे, आपल्याकडे फॉर्म भरून द्यायचा. कामाच्या खर्चाला मर्यादा आहे, म्हणून उड्डाणपूल मागू नका. बाक, दिवा, फुटपाथचा उतार मागा आणि जागा नेमकी लिहा, ‘आमच्या गल्लीत दिवे नाहीत’ पेक्षा खांबाचा नंबर लिहिलेला बरा. फॉर्म सहसा ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात.

प्रश्न : डीपीवर (शहराच्या विकास आराखड्यावर) हरकती घेऊन काय होतं? रद्दीच ना शेवटी?

उत्तर : मुंबईचा 2015 चा मसुदा आठवा. 60 हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या, चुका इतक्या निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करायला लावला आणि सुधारित मसुदा मे 2016 मध्ये आला. अर्थात एकाच मजकुराच्या शंभर झेरॉक्स दिल्या तर त्या एकच हरकत म्हणून निकाली निघायची भीती असते, त्यामुळे प्रत्येकाने आपलं आपलं लिहा, जागेचा सर्व्हे नंबर किंवा सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर टाका. सुनावणीची तारीख आली की सुट्टी टाकून जा, बरेच जण तिथेच मागे पडतात.