परराष्ट्र सेवा आणि पुढे प्राध्यापकी: सुरुवातीला एवढंच बघ

सोलापुरातून परराष्ट्र सेवेत जायचं आणि नंतर विद्यापीठात शिकवायचं, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. मुचकुंद दुबे 1957 मध्ये सेवेत आले, परराष्ट्र सचिव झाले आणि निवृत्तीनंतर दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात प्राध्यापक झाले. वाट आहे, निर्धास्त राहा.

आपली मुलं दोन चुका हमखास करतात.

- इंग्रजीला घाबरणं. परराष्ट्र सेवेत यूपीएससीच्या परीक्षेतून जातात; तिची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा सक्तीचा पेपर फक्त पास व्हायचा, त्याचे गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत.
- पाया कच्चा असताना दिल्ली गाठणं. आधी सोलापूरच्याच हिराचंद नेमचंद वाचनालयात बस, शेजारी देशांचा इतिहास वाच. चीनचा विषय तर आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 मध्ये ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथपासून धर, पटकन मनात बसेल.

प्राध्यापकीसाठी आत्ताच नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) आणि पीएचडीची चिंता नको. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' (प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्यांसाठीचं प्राध्यापकपद) मार्गदर्शक सूचनांत किमान 15 वर्षांचा अनुभव मागतात, औपचारिक पदवीची सक्ती नाही. नेमणूक मात्र मुदतीची असते.

कुठली परदेशी भाषा, कुठला देश, हे सगळं निवडीनंतर बोलू. या आठवड्यात एनसीईआरटीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं उघड.