वाचकांचे प्रश्न : घरी शिकणारी लेक आणि गाव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची नऊ वर्षांची मुलगी तिसरीनंतर शाळेत जात नाही. आई तिला घरीच शिकवते. घरी तीन एकर वावर आहे आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आईलाही दिवसभर तिथेच राहावे लागते. त्यांचे चार प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

शाळाबाह्य मुलांची नोंद घ्यायला गुरुजी घरी आले होते. मुलीला घरी शिकवणे बेकायदा आहे का? तिला दहावीला बसता येईल ना?

ताई, शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे त्यात पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरच्या शिक्षणाला स्पष्ट परवानगी किंवा स्पष्ट मनाईही नाही. गुरुजी त्यांचे काम करत आहेत, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना बसवा, मुलीच्या वह्या दाखवा आणि तिच्या वयाच्या वर्गाची पाठ्यपुस्तके मागून घ्या. उद्या तिला शाळेत परत जावेसे वाटले, तर याच कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क तिला दिला आहे.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते आणि तिथे मराठी माध्यम आहे. राज्य मंडळाच्या दहावीला खासगी रीतीने बसायचे तर १७ नंबरचा अर्ज भरावा लागतो. त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, तेव्हा तिसरीचा दाखला आजच आधार कार्डासोबत पत्र्याच्या पेटीत ठेवून द्या.

वेचणीच्या दिवसांत अभ्यास पूर्ण बंद पडतो. मुलगी धुऱ्यावर नुसती बसून राहते. काय करावे?

वावरातच अभ्यास घ्यावा, असे मला मनापासून वाटते. सरकी टोबताना दोन ओळींत चार फूट आणि दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवले, तर एका झाडाच्या वाट्याला आठ चौरस फूट जागा येते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याला आठने भागले की एकरी ५,४४५ झाडे येतात. हा भागाकार ती आधी कागदावर करील आणि मग एका ओळीतली झाडे प्रत्यक्ष मोजून पाहील. तूट दिसेल, कारण काही ठिकाणी बी उगवलेलेच नसते. ती तूट का पडली, हे तिनेच शोधून काढायचे आहे. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजताना प्रत्येक बाईचे किलो तिला लिहू द्या, मजुरीचा हिशेब करू द्या आणि किती दिवसांनी एक क्विंटल भरेल, हे आधी सांगायला लावा.

वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी मांडलेली आणि सेवाग्रामला प्रत्यक्षात आलेली नई तालीम याच विचारावर उभी होती : हाताचे काम आणि त्यामागचे कारण ही दोन्ही मुलाच्या हाती एकदमच यावीत. मात्र एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. तिच्या कमरेला ओटी बांधून तिला दिवसभर वेचायला लावले, तर ती मजुरी झाली, शिक्षण नव्हे. तासभर वेचू द्या, मग वही हातात द्या. आणि उन्हाच्या वेळी तिला झाडाखाली गोष्टीचे पुस्तक वाचत बसू द्या.

ती आमच्यासारखी वऱ्हाडी बोलते. नागपूरचे पाहुणे हसतात. तिची भाषा सुधारावी का?

तिच्या बोलण्यात सुधारण्यासारखे काही नाही. मराठी गद्याचा आरंभ ज्या लीळाचरित्रापासून मानतात, तो ग्रंथ तेराव्या शतकात वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिला गेला, हे तिलाही सांगा आणि पाहुण्यांनाही. प्रमाण मराठी तिला परीक्षेसाठी लागणारच आहे, त्यासाठी रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या. आजीची गोष्ट मात्र आजी सांगते तशीच, तिच्याच बोलीत, लिहून घ्या.

शाळा नाही म्हणून तिला मैत्रिणी नाहीत. दिवसभर काय झाले ते मी वहीत लिहिते, पण त्यातही आम्ही दोघीच असतो.

पत्रातला हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. घरी शिकणाऱ्या मुलाला अभ्यासापेक्षा सोबतीची उणीव अधिक भासते आणि ती आईला एकटीने भरून काढता येत नाही. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, तिचा लाकडी नंदी घेऊन तिला मुलांसोबत घरोघर जाऊ द्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली जिच्यापुढे गाणी म्हणतात ती भुलाबाई तुमच्या अंगणात बसवा, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव मुलींनाच उभारू द्या आणि डब्यातली खिरापत ओळखायचे काम शाळेतून आलेल्या मुलींवर सोपवा. महिनाभर रोज संध्याकाळी एकत्र गाणाऱ्या मुली पुढे आंघोळीला, पाण्याला, वावराला एकमेकींना हाक मारतात. ज्या घरी वयस्क बाया जुनी गाणी म्हणतात, तिथे तिला मुद्दाम पाठवा. ही गाणी आता पाठ असणाऱ्या बाया थोड्याच उरल्या आहेत.

वही लिहिणे सोडू नका. काय शिकवले यापेक्षा तिने काय विचारले, कुठे अडली, ते तारखेनिशी लिहा. गुरुजी पुन्हा आले की हीच वही दाखवता येईल. तिचे रडणे, हट्ट, पाहुण्यांसमोर झालेली फजिती मात्र त्यात नको, कारण ती वही चार लोक वाचणार आहेत. डावे पान तुमचे ठेवा आणि उजवे तिला द्या. तिथे तिने भुलाबाईचे गाणे उतरवले किंवा बोंडाचे चित्र काढले, तर त्यावर लाल शाईने खूण करू नका.